नाताळात ताटापेक्षा पायांकडे बघा

नाताळच्या सुट्टीत तब्येत सांभाळा असं सांगणाऱ्या बहुतेकांची नजर ताटावर असते. केकचे तुकडे किती झाले, बेबिंका पुन्हा घेतली का, वाइनचा दुसरा ग्लास भरला का. हा पहारा मला चुकीच्या दारावर बसवलेला वाटतो. सणाचं खाणं अंगाला लागत नाही असं माझं म्हणणं नाही. पण सुट्टीत शरीराला मोठा फटका बसतो तो वर्षभर अंगवळणी पडलेली घडी एकदम विस्कटल्याने. झोप, औषधाच्या वेळा, चालणं असं सगळं एकाच आठवड्यात सुटतं. त्यातही चालणं सगळ्यात आधी सुटतं आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. ऑफिस बंद म्हणजे स्टेशनचा जिना, बसथांब्यापर्यंतची धावपळ आणि दुपारी चहाच्या टपरीपर्यंतची फेरीही बंद. व्यायाम म्हणून यातलं काहीच आपण मोजलेलं नसतं, त्यामुळे ते गेल्याची चुटपुटही लागत नाही.

आधी वजनाचं बघू, कारण भीती सगळ्यांना त्याचीच असते. सन २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या १९५ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंतच्या सणांच्या काळात त्यांचं वजन सरासरी ३७० ग्रॅमच वाढलं होतं. लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज मात्र याच्या जवळजवळ चौपट होता. मग एवढ्याशा वजनासाठी कशाला जिवाचा आटापिटा, असं कुणी विचारेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच की वाढलेले ते ग्रॅम पुढच्या महिन्यांत उतरलेही नाहीत. ‘जानेवारीत बघू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तरीही माझ्या मते वजनकाटा इथे दुय्यम साक्षीदार आहे. आत काय बिघडतं, ते त्याला उशिरा कळतं आणि पुष्कळदा कळतही नाही.

आतलं बिघडणं कोपनहेगनच्या संशोधकांनी मोजून पाहिलं. रोज दहा हजारांच्या आसपास पावलं चालणाऱ्या निरोगी तरुणांना त्यांनी दोन आठवडे जेमतेम दीड हजार पावलांवर आणलं. दोनच आठवड्यांत पोटाच्या आतली चरबी वाढली, इन्सुलिनचा परिणाम कमी झाला आणि पायांचे स्नायूही थोडे घटले. दोन आठवडे म्हणजे शाळेची सुट्टी धरून घेतलेली मोठी रजाच की! हे प्रयोग मूठभर तरुणांवरचे होते, हे मान्य. पण धडधाकट पंचविशीतल्या पोरांचं असं होत असेल, तर साठीतल्या मधुमेही माणसाने निर्धास्त राहावं असं त्यात काही दिसत नाही.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचा २०१३ चा प्रयोग माझ्या मुद्द्याच्या आणखी जवळचा आहे. तिथे तरुणांना आठवडाभर नेहमीपेक्षा खूप जास्त खायला घातलं आणि चालणं कमी करायला लावलं. त्यातल्या एका गटाने रोज ४५ मिनिटं ट्रेडमिलवर धावायचं होतं. धावण्यात खर्च होईल तेवढं अन्नही त्यांना वाढवून दिलं, म्हणजे जादा उष्मांकांचा हिशेब दोन्ही गटांत सारखाच राहिला. तरी बसून राहिलेल्यांची साखर आवरण्याची क्षमता जेवढी ढासळली, तेवढी धावणाऱ्यांची ढासळली नाही. ‘एक केक जिरवायला किती पळावं लागेल?’ हा सवाल यामुळे बराचसा फोल ठरतो. व्यायाम खाल्लेलं जाळून टाकतो म्हणून करायचा नसतो. खाल्लेलं न जाळताही तो स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना कामाला लावून ठेवतो.

याच्या उलट बाजूचा पुरावा मी दडवणार नाही. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की नाताळच्या काळात नियमित वजन करणाऱ्या आणि खाण्याबाबत सल्ला मिळालेल्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी अर्धा किलोने कमी राहिलं. ज्याला काटा मानवतो त्याने जरूर वापरावा. पण सणाच्या घरात रोज काट्यावर चढून स्वतःला आणि यजमानीणबाईंना ओशाळं करणारा माणूस आठवडाभर सोफ्यावरच बसला, तर त्याने अर्धीच राखण केली.

थट्टेवारी न्यावा असा हा विषय नाही, कारण त्यात हृदय येतं. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या २,८३,०१४ हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली, तेव्हा २४ डिसेंबरला, म्हणजे तिथल्या मुख्य सणाच्या दिवशी, धोका ३७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. रात्री दहाचा सुमार सगळ्यात वाईट, आणि पंचाहत्तरीपुढचे लोक आणि मधुमेही सर्वाधिक जोखमीत. ही थंडीची करामत असेल, असं कुणीही म्हणेल. पण स्वीडनमध्येच उन्हाळ्यातल्या मिडसमरच्या सुट्टीतही झटके वाढलेले दिसले, आणि न्यूझीलंडमध्ये, जिथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, तिथेही त्या दिवसांत हृदयविकाराने होणारे मृत्यू थोडे वाढतात. थंडीचा वाटा असेलच, पण सगळा दोष तिच्या माथी मारता येत नाही. जागरण, दारू, प्रवास, मनावरचा ताण आणि ‘सण होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला’ ही वृत्ती यांचाही हिशेब धरावा लागतो.

मग करायचं काय? जेवणानंतर चालायचं. साठीपुढच्या अवघ्या दहा जणांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालल्याने दिवसभराची साखर सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर सकाळच्या एकरकमी फेरीपेक्षाही चांगली आवरली. अभ्यास लहान, पण शतपावली फुकट आहे. गोव्यात कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं शेजाऱ्यांकडे पोचवायची असतात, ती स्कूटरऐवजी पायी पोचवावीत. वसईत मध्यरात्रीची मिस्सा जवळच्या चर्चमध्ये असेल तर चालत जावं. लंडनमधल्या मराठी घरांची गोष्ट वेगळी. तिथे डिसेंबरअखेर चारच्या आत सूर्य मावळतो आणि २५ तारखेला बस-ट्यूब बंद असते, त्यामुळे फेरी मारायची तर टर्कीच्या जेवणाआधीच. नंतर अंधार आणि टीव्ही. मुंबईहून गाडीने कोकण-गोव्याला निघालेल्यांनी दर दीड-दोन तासांनी खाली उतरावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या, बसून केलेल्या प्रवासानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तो एरवी लहानच असतो, पण आधी गुठळी झालेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. आणि वर्षभर न धावलेल्या हृदयरुग्णाने सुट्टी मिळाली म्हणून कलंगुटच्या वाळूत धावायला लागू नये, त्याने चालावं.

औषधं डिकीतल्या बॅगेत नव्हे, हाताशी ठेवावीत, दोन-चार दिवसांची जास्तीची घ्यावीत आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. मुक्कामी पोचल्यावर हृदयविकारावर उपचार होणारं जवळचं रुग्णालय कोणतं ते यजमानांना विचारून ठेवावं. छातीत दाब आला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर ‘अॅसिडिटी असेल’ म्हणत सकाळची वाट पाहू नये, मग घरात पाहुणे असोत की केक कापायचा राहिलेला असो. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे चालतो.