वनस्पतींतील निरोप आणि मूक जनुकें

रोपास वाणी नाहीं व श्रवणेंद्रियही नाहीं. तरी त्याच्या एका पानावर रोगाचा घाला पडला असतां त्याची वर्दी शेंड्यापर्यंत पोहोंचते. ही वर्दी कशी जाते व शेतकऱ्यास तिचा उपयोग काय, हें आम्ही या लेखांत थोडक्यांत सांगणार आहों.

इ. स. १९२८ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत विंगार्ड या शास्त्रज्ञास एक चमत्कार दिसला. विषाणूमुळें तंबाखूच्या खालच्या पानांवर वलयाकार डाग पडले. परंतु त्याच रोपास मागाहून फुटलेलीं पानें निरोगी निघालीं, आणि तोच रोग पुन्हां लावला असतांही तीं दाद देईनात. याचें कारण उमगण्यास सुमारें ७० वर्षें लागलीं.

मध्यंतरीं १९९० सालीं नेपोली, जॉर्गेन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेटूनियाच्या जांभळ्या फुलांचा रंग अधिक गडद करावा या हेतूनें रंग देणाऱ्या जनुकाची जादा प्रत रोपांत घातली. फळ उलटेंच मिळालें. कित्येक रोपांस पांढरीं फुलें आलीं! नवें व जुनें, दोन्ही जनुकें मूक झालीं होतीं.

असें कां व्हावें? जनुक म्हणजे पेशीच्या केंद्रांत जपून ठेवलेली मूळ आज्ञा. तिची नक्कल आर. एन. ए. नांवाच्या द्रव्यावर उतरते व तिजबरहुकूम प्रथिन तयार होतें. ही नक्कल सामान्यतः एकपदरी असते. पुष्कळ विषाणूंची वाढ होतांना मात्र ती दुपदरी बनते. जादा घातलेल्या जनुकामुळेंही तसें घडूं शकतें. पेशी या दुपदरी नकलेचे बारीक तुकडे करते, आणि त्या नमुन्याशीं जुळणारी प्रत्येक नक्कल शोधून नष्ट करते. असे सुमारें २५ अक्षरांचे तुकडे हॅमिल्टन व बॉल्कम यांनीं इंग्लंडांत १९९९ सालीं दाखवून दिले.

ही खबर एका पेशींतच राहत नाहीं. पेशीपेशींमधील सूक्ष्म वाटांनीं व अन्नरस नेणाऱ्या शिरांतून ती दूरवर जाते. १९९७ सालीं फ्रान्समध्यें, जनुक मूक झालेल्या तंबाखूच्या खुंटावर तेंच जनुक जागृत असलेल्या फांदीचें कलम केलें, तेव्हां फांदींतलें जनुकही मूक झालें. मध्यें ३० सेंटिमीटर साधें खोड जोडलें तरी निरोप अडला नाहीं. विंगार्डच्या रोपाच्या कोंवळ्या पानांस संकटाची सूचना आधींच मिळाली होती, ती अशी.

या ज्ञानाचें मोल हवाई बेटांतील बागाइतदारांनीं अनुभवलें. १९९२ सालीं तेथील पुना भागांत पपईवर वलयी ठिपक्यांचा विषाणू शिरला व बागा ओस पडूं लागल्या. डेनिस गोन्साल्व्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विषाणूच्या कवचाचें जनुक पपईंत घालून तिच्या पेशींस शत्रूची ओळख अगोदरच करून दिली होती. १९९८ सालीं हें बियाणें बागाइतदारांस मिळालें, आणि पपईचा धंदा सांवरला.

तथापि विषाणूही स्वस्थ बसत नाहींत. कित्येकांजवळ हे तुकडे पकडून निरोपच दाबून टाकणारें प्रथिन असतें. शिवाय दूरच्या प्रदेशांतील विषाणूचा नमुना निराळा असल्यास ही ओळख पुरी पडत नाहीं. हाच रोग महाराष्ट्रांतील पपईवरही येतो. म्हणून रोगट झाड वेळींच उपटून टाकणें व रोग पसरविणाऱ्या माव्यावर नजर ठेवणें, हीं कामें शेतकऱ्यास चुकलेलीं नाहींत. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं शेती आहे, त्यांनीं रोगट पान नुसतें फेंकून न देतां त्याच्या वरचीं कोंवळीं पानेंही न्याहाळावीं, अशी आमची सूचना आहे.