भोवतालचा आवाज ओळखणारे श्रवणयंत्र आणि आपला वर्ग

प्रास्ताविक

हाक मारली असता जे मूल वळून पाहत नाही, श्रुतलेखनाच्या वेळी शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि विचारलेल्या प्रश्नास भलतेच उत्तर देते, त्यास ‘मंद’ ठरवून आपण पुढे जातो. अशा काही मुलांच्या बुद्धीत कोणतेही न्यून नसते. उणीव असते ती श्रवणाची. ज्यांची ही उणीव वेळीच ध्यानी येते, त्यांच्या कानामागे आता श्रवणयंत्र दिसू लागले आहे. आजची पुष्कळशी श्रवणयंत्रे भोवतालच्या आवाजानुसार आपले वर्तन बदलतात. हे कार्य कसे चालते व कोठे थांबते, हे वर्गशिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण यंत्र जेथे थांबते, तेथून शिक्षकाचे काम सुरू होते.

प्रात्यक्षिक

दोन विद्यार्थ्यांस वर्गापुढे उभे करून आठवडी बाजाराविषयी संभाषण करावयास सांगावे. इतरांनी हळू आवाजात पाढे म्हणावे व आवाज क्रमाने वाढवीत न्यावा. शिक्षकाने खूण करताच सर्वांनी एकदम थांबावे. पुढील दोघे मोठ्याने बोलत असल्याचे तत्क्षणी सर्वांस कळेल. तसे बोलण्यास त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो, हे एत्येन लाँबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली प्रसिद्ध केले. भोवतालचा आवाज जोखून आपले वर्तन बदलणे ही निसर्गाचीच रीत होय.

यंत्राचे कार्य

जुने श्रवणयंत्र गुरुजींचा शब्द आणि पंख्याची घरघर सारखीच मोठी करीत असे. नवे यंत्र आधी आवाजाचे अंकांत रूपांतर करते व खर्जापासून उंच स्वरांपर्यंत त्याचे अनेक पट्टे पाडते. मनुष्याचे बोलणे अक्षरागणिक चढते-उतरते. एका सेकंदात असे अनेक चढउतार होतात. उलट पंखा किंवा मोटार एकसारखी वाजत राहते. ज्या पट्ट्यात आवाज एकसुरी आढळतो, तेथील वाढ यंत्र कमी करते. जेथे चढउतार आढळतात, तेथील वाढ कायम ठेवते. काही यंत्रांत दोन मायक्रोफोन असतात. समोरचा आवाज पुढील मायक्रोफोनवर क्षणाच्या अत्यल्प अंशाने आधी पोहोचतो. या फरकावरून यंत्र मागील बाजूचा आवाज मंद करते.

यंत्राची मर्यादा

सोयाबीनच्या मळणीयंत्राची अथवा हळद पॉलिश करणाऱ्या यंत्राची घरघर यंत्रास ओळखता येते व मुलाचा त्रास काहीसा हलका होतो. परंतु पत्र्यावर पावसाची झड कोसळू लागली, की तो आवाज सर्वच पट्टे व्यापतो. तो कमी करावा तर शब्दही कमी होतो. मुलांची कुजबुज तर स्वतःच बोलणे आहे. चढउतार तिच्यातही असतात. या अनेक आवाजांपैकी कोणता ऐकावयाचा, हे यंत्रास कळत नाही. शिवाय मागल्या बाकावरील विद्यार्थ्याने दिलेले अचूक उत्तर, केवळ मागून आले म्हणून, मंद होऊ शकते.

अंतराचाही विचार करावा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; म्हणजे १ मीटरवरील शब्द ४ मीटरवर सुमारे १२ डेसिबलने क्षीण होतो. वर्गातील मूळ आवाज ३५ डेसिबलहून अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविले. आपल्या अनेक खोल्यांत हे साधणे कठीण. म्हणूनच शिक्षकाची दक्षता अधिक हवी.

शिक्षकांनी ध्यानी ठेवावयाच्या गोष्टी

१) अशा मुलास पुढे, पंखा व रस्त्याकडील खिडकी यांपासून दूर बसवावे. एक कान अधिक चांगला असल्यास तो शिक्षकाकडे असावा.

२) फळ्याकडे तोंड करून बोलू नये. लिहून झाल्यावर वळावे व मग सांगावे. चेहऱ्यावर उजेड असावा, म्हणजे ओठांची हालचाल दिसते.

३) इतर विद्यार्थ्यांचे उत्तर स्वतः पुन्हा उच्चारावे.

४) ओरडू नये, ओरडण्याने उच्चार बिघडतो. त्यापेक्षा दोन पावले जवळ जावे.

५) शाळा भरताच यंत्र चालू आहे ना, हे पाहावे. शिटी वाजत असल्यास कानातील साचा नीट बसलेला नाही किंवा तो सैल झाला आहे, असे समजावे.

६) नव्याने संशय आलेल्या मुलांची नोंद करून ठेवावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा ती नोंद त्यास दाखवावी. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांसही कळवावे. पालकांस बोलावून धीर द्यावा.

स्वाध्याय

वर्ग शांत असताना दहा शब्द उच्चारून मुलांकडून लिहून घ्यावेत. नंतर कुजबुज चालू ठेवून निराळे दहा शब्द सांगावेत. तिसऱ्या वेळी फळ्याकडे तोंड करून आणखी दहा सांगावेत. कोणत्या जागेवरील मुलाचे किती शब्द चुकले, याचा तक्ता करून तो केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत मांडावा. शांत वर्गातही ज्याचे शब्द पुनःपुन्हा चुकतात, त्यास दोष देण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत.