आजी निघाली लुंबिनीला : तीन महिने आधीची तयारी



वर्षावास संपत आला की विहाराच्या फळ्यावर धम्मयात्रेची सूचना लागते. बोधगया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती. नाव द्यायला येणाऱ्यांत आज्याच जास्त. कुणी धुण्याभांड्याच्या पगारातून, कुणी भिशीतून, कुणी श्रावणबाळच्या पैशातून वर्षानुवर्षं साठवून ही रक्कम उभी केलेली असते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी केलेला एवढा मोठा खर्च.

पैसे भरले की घरात तयारी सुरू होते. पांढरी साडी, स्वेटर, चिवडा, चटणी. पण आजीच्या बीपीचं काय, साखरेचं काय, गुडघ्यांचं काय, हे कुणी विचारत नाही. आजी तर मुळीच सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "मला काय धाड भरलीय?" तिच्या मनात भीती असते, की दुखणं सांगितलं तर पोरं जाऊ द्यायची नाहीत.

म्हणून आजचा पहिला धडा लेकी-सुनांना आणि मुलांना. "तुला झेपायचं नाही" हे वाक्य घरात बोलू नका. म्हणा, "आई, तुला जायचंच आहे, म्हणून आधी तपासून घेऊ." एवढं ऐकलं की लपवलेली दुखणी बाहेर येतात.

१. आजीचा दिवस वहीत लिहा

हे काम शाळेत जाणाऱ्या नातवंडाला द्या. तीन दिवस आजी काय काय करते ते वेळेसकट लिहायचं. कधी उठते, काय खाते, गोळी कधी घेते, पाणी किती पिते, मशेरी किती वेळा लावते, कधी झोपते.

वस्तीतल्या बहुतेक आज्यांचा दिवस सारखाच निघतो. पाणी येतं म्हणून चारला उठणं, हंडे भरणं, उपाशीपोटी दोन कप गोड चहा, नातवंडांचे डबे, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण. बीपीची गोळी आठवली तर. कितीतरी आज्या गोळी अर्धी करून घेतात. पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळतात, परत रांगेत उभं राहायचं तर अर्धा दिवस जातो, मग आहे तेच पुरवतात. यात आजीचा दोष नाही. पण अर्ध्या गोळीवर घरात निभावतं असं वाटलं, तरी थंडीतल्या लांबच्या प्रवासात ते अंगाशी येऊ शकतं. ही वही दवाखान्यात सोबत न्या.

२. तीन महिने आधी : तपासणी

जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरील प्रत्येकाची बीपी, साखर, तोंडाचा आणि बायकांच्या स्तनाचा व गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग यांची तपासणी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. त्याची चौकशी करा. आशाताईंना विचारा.

बीपी वेगवेगळ्या दिवशी मोजल्यावर वरचा आकडा १४० च्या किंवा खालचा ९० च्या वर येत राहिला, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोलायचं. साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर, दोन्ही पाहायची. हिमोग्लोबिन पाहायचं. डोळे दाखवायचे. मोतीबिंदू असेल तर अनोळखी जागी, अंधाऱ्या पायरीवर पडण्याची भीती मोठी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची. मशेरी लावणाऱ्या आजीच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली, तर ती दाखवल्याशिवाय निघायचं नाही. आणि मशेरी सोडायला याहून चांगलं निमित्त पुन्हा मिळणार नाही.

औषध सुरू झालं किंवा बदललं, तर ते अंगाला लागू पडायला काही आठवडे जातात. म्हणूनच तीन महिने आधी जायचं. निघायच्या आदल्या दिवशी आकडा बघून काही हाती लागत नाही.

३. दोन महिने आधी : पाय

आजी दिवसभर कामात असते, तरी तिचं चालणं दहा बाय दहाच्या खोलीत असतं. यात्रेत फलाट, जिने, देवळांची आणि स्तूपांची आवारं आहेत. राजगीरला गृध्रकूट पर्वताची चढण आहे. लुंबिनीचं आवार तर मैलभर पसरलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटं चाला. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. ४० मिनिटांपर्यंत आलात की पुरे. संध्याकाळी विहारात जाताना लांबचा रस्ता धरा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून एक पाय सरळ उचलायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मेडिकलमधून मनाने आणलेल्या दुखीच्या गोळ्या रोज खाऊ नका. त्यांनी बीपी वाढतं, पोटात जखम होते, मूत्रपिंडावर ताण येतो.

चालताना छातीत दाब आला, एवढ्याशा चालण्याने धाप लागली, तर तो हृदयाचा इशारा असू शकतो. लगेच दाखवा. तो घराजवळ कळला, हे चांगलंच झालं.

नवी चप्पल निघायच्या किमान दोन आठवडे आधी घाला. मागे पट्टा असलेली घ्या. महाबोधी विहारात आणि लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात पायताण बाहेर काढावं लागतं. साखरेच्या आजारात पायाची जाण कमी होते, खडा टोचलेला कळत नाही. अशा आजीने जाड सुती मोजे घालावेत आणि रात्री सुनेने किंवा सोबतिणीने दोन्ही तळवे उजेडात पाहावेत.

४. जे कुणाला सांगितलं नाही ते

हा भाग आजीने एकटीने वाचावा किंवा मुलीने तिला हळू आवाजात वाचून दाखवावा.

खोकलं, हसलं की लघवी निसटते. अंग बाहेर येतं. पाळी जाऊन वर्षं झाली तरी डाग दिसतो. मी अनेक वर्षं वॉर्डात काम केलं. या तीन गोष्टी बायका सगळ्यात शेवटी सांगतात, तेही निघताना, दाराशी उभं राहून. पाळी गेल्यानंतर रक्त दिसणं हे कधीच साधं समजू नका, त्याच आठवड्यात बाईंच्या डॉक्टरला दाखवा. अंग बाहेर येत असेल तर त्यावर उपचार आहेत. लघवी निसटत असेल तर लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून पाच आकडे धरायचे आणि सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. प्रवासात मऊ सुती घड्या किंवा पॅड जवळ ठेवा.

हे सांगायचं कारण असं, की लघवीच्या भीतीने आजी पाणी पिणं बंद करते. गाडीतला संडास घाण, रांग लांब, म्हणून निघाल्यापासून घोट-घोट पाण्यावर काढते. मुंबईहून गयेला पोहोचायला रेल्वेत दिवसभराहून जास्त वेळ लागतो. एवढा वेळ पाणी नसलं तर चक्कर येते, लघवीला जळजळ होते, शौचाला खडा होतो, कधी कधी म्हातारं माणूस भ्रमल्यासारखं बोलायला लागतं. वय झालं की तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न बघता दर तासाला अर्धा पेला पाणी प्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर त्यांचंच ऐका. लघवी साफ होण्याची गोळी असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे आधीच विचारून ठेवा. मनाने बंद करू नका.

५. औषधाची पिशवी

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत दाट धुकं पडतं आणि गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. यात्रा १२ दिवसांची असेल तर २० दिवसांच्या गोळ्या घ्या. दोन वाटे करा. एक आजीच्या खांद्यावरच्या पिशवीत, दुसरा सोबतिणीकडे. गाठोड्यात, बाकाखाली औषध ठेवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिची झेरॉक्स सोबत हवी. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या रंगाच्या कापडी थैल्यांत भरा, म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीलाही चुकायला होणार नाही. इन्सुलिन असेल तर तोंड मोठं असलेल्या थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला थेट लावू नका. श्रीलंका किंवा थायलंडला विमानाने जाणाऱ्यांनी इन्सुलिन आणि गोळ्या हातातल्या पिशवीत न्याव्यात. खालच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं.

पिशवीत ओआरएसची पाकिटंही ठेवा. एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर ६ सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा.

औषधं सोबत नेण्यात कमीपणा नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले तेव्हा तब्येत खालावलेली होती. सोबत माईसाहेब होत्या, त्या स्वतः डॉक्टर.

यात्रेत अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवण्याचा नेम अनेक जणी धरतात. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो धरू नये. साखर एकदम उतरली तर हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं अडखळतं. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. भंतेजींना आजार सांगा. आजाऱ्याची काळजी हा धम्माचाच भाग आहे.

६. गाडीत आणि सीमेपलीकडे

४५ वर्षांवरील बाईला खालचा बर्थ देण्याची सोय रेल्वेत आहे. तिकिटावर वय बरोबर लिहा. एकाच जागी पाय लोंबकळत ठेवून बसू नका. दर तासाला घोटे वर-खाली करा, दोन तासांनी डब्यात चार पावलं चाला. पाय सुजून एकाच पोटरीत दुखलं, गरम लागलं, तर डॉक्टरांना दाखवा.

लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे परदेशात. व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ प्रतीत न्या. नुसत्या आधारवर विसंबू नका. महाबोधी विहारात मोबाइल आत नेऊ देत नाहीत. म्हणून आजीच्या ब्लाउजात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, सोबतिणीचा आणि घरचा फोन, आजार आणि चालू गोळ्या लिहा. शक्यतो हिंदीत.

७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार २०२४ पासून मिळू शकतात. आधी कार्ड काढून ठेवा. बिहार, उत्तर प्रदेशातल्या योजनेतल्या रुग्णालयांत ते चालतं, नेपाळात चालत नाही. भारतात तातडीला ११२, रेल्वेत १३९, नेपाळात रुग्णवाहिकेला १०२ हे नंबर लिहून ठेवा.

तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोबडं बोलणं आलं, छातीत दाब आला, अचानक दम लागला, तर "झोपली की बरं वाटेल" म्हणू नका. पुढचं ठिकाण राहिलं तर राहू द्या, आधी रुग्णालय.

७. परतल्यावर

आजी बोधिवृक्षाचं पान घेऊन येते, आठ दिवस वस्तीला यात्रा सांगते. मग पुन्हा चारला उठणं, हंडे आणि अर्धी गोळी. इथेच खरी परीक्षा आहे. आजी यात्रेला जावी म्हणून जी काळजी घेतली, ती आजी घरात असतानाही तिला मिळायला हवी. पूर्ण गोळी, वेळेवरचं जेवण, संध्याकाळचं चालणं. पहाटेचे हंडे आता दुसऱ्या कुणीतरी भरावेत. यात्रा दहा-बारा दिवसांची, पण या सवयी राहिल्या तर आजी वर्षानुवर्षं आपल्यात राहील.

या आठवड्यात घरी करा

१. आजीच्या गोळ्या मोजा. चिठ्ठीप्रमाणे किती संपायला हव्या होत्या, किती संपल्या?
२. आजीचं बीपी शेवटचं कधी मोजलं? आठवत नसेल तर उद्या मोजा.
३. आजी सगळ्यांसोबत जेवते की मागून? आजपासून पहिलं ताट तिचं.
४. महिला मंडळाने यात्रेला निघणाऱ्या सगळ्या आज्यांची यादी करावी आणि एका रविवारी त्यांना मिळून तपासणीला न्यावं. एकटीला रांगेत कंटाळा येतो. दहा जणी असल्या की रांगही सोपी होते.

जय भीम. नमो बुद्धाय.