कॅमेऱ्याला पांढरे दाखवा

कापूस पांढरा. दूध पांढरे. तांदळाचे पीठ पांढरे. उन्हात पाहा, सावलीत पाहा, रात्री दिव्याखाली पाहा. आपल्या डोळ्यांना ते पांढरेच दिसते.

आता त्याच कापसाचा फोटो काढा. पिवळ्या दिव्याखाली काढला, तर कापूस पिवळट येईल. निळ्या ताडपत्रीखाली काढला, तर निळसर येईल. कापूस बदलला का? नाही. बदलला तो उजेड.

असे का होते?

प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. लोहाराला हे ठाऊक आहे. लोखंड भट्टीत तापले की आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. उजेडाचा रंग याच रीतीने मोजतात. त्या मापाला केल्विन म्हणतात. लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाने १८४८ साली तापमान मोजण्याची नवी पट्टी मांडली. त्याचेच नाव मापाला पडले.

मेणबत्तीचा उजेड सुमारे १,९०० केल्विन असतो. तारेच्या पिवळ्या बल्बचा सुमारे २,७००. दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५००. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत तो ७,००० च्या वर जातो. सावलीत तर गार वाटते. मग आकडा मोठा कसा? तिथे ऊन पोचत नाही, निळ्या आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून. आकडा लहान, तर उजेड तांबूस. आकडा मोठा, तर उजेड निळसर. एवढे ध्यानात ठेवा.

आपली नजर हा फरक आपोआप सावरून घेते. कॅमेरा मात्र अंदाज बांधतो. कधी तो बरोबर येतो, कधी फसतो. म्हणून पांढरे कोणते, हे आपणच त्याला दाखवावे. याला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. म्हणजे पांढऱ्याचा तोल.

रंग चुकला तर काय बिघडते?

लग्नाचा फोटो निळा आला, तर फार तर नवरी रुसेल. पण पिकाचा फोटो चुकला, तर पैसा जातो. हल्ली शेतकरी पानाचा फोटो फोनवरून पाठवून सल्ला घेतात. एका मामांनी रात्री दिव्याखाली सोयाबीनच्या पानाचा फोटो काढला. भाचीने तो पाहिला.

“मामा, पान तर हिरवंगार आहे. फोटोत पिवळं दिसतंय.”

“दिव्यामुळं असंल. पाठव तसाच. साहेबांना कळतंय सगळं.”

“साहेबांना पान कुठं दिसतंय, मामा? त्यांना फोटोच दिसणार. ते म्हणतील, पीक पिवळं पडलंय, खत टाका.”

“म्हणजे खताची गोणी फुकट जायची! मग गं?”

“सकाळी शेतात जाऊ. संगं कोरा कागद घ्या.”

भाचीचे म्हणणे खरे होते. नत्र कमी पडले, तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. लोह कमी पडले, तर कोवळी पाने पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. एवढा बारीक फरक फोटोत दिसायचा, तर रंग खरा हवा. उलट निळसर फोटोत पिवळट पान हिरवे वाटते. मग खरा आजारही झाकून जातो.

पांढरे कोणते घ्यावे?

साधा कोरा कागद चालतो. काही कागद फार शुभ्र दिसावे म्हणून त्यांत निळी झाक देणारे द्रव्य घालतात. तसा कागद टाळावा. नीळ दिलेले धोतरही नको. जुन्या वहीचे पिवळे पान नको.

नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेप चांगली. तिला स्वतःची रंगछटा फारशी नसते. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तिचे चार-पाच थर गुंडाळा. घरचे साधन तयार झाले.

बाजारात यासाठी करड्या रंगाचा पुठ्ठा मिळतो. करडा का? भर उन्हात पांढरा कागद फोटोत भगभगीत होतो, मग त्याचा रंग मोजता येत नाही. करड्याचे तसे होत नाही.

कसे करावे?

१. पानाजवळ कागद धरा. पानावर जो उजेड आहे, तोच कागदावर पडला पाहिजे.

२. रंगीत लुगडे किंवा रंगीत भिंत जवळ नको. तिचा रंग कागदावर उतरतो.

३. मोठ्या कॅमेऱ्यात ‘कस्टम’ किंवा ‘प्रीसेट’ अशी सोय असते. कागदाने चौकट भरून फोटो घ्या आणि तेच माप कॅमेऱ्याला पक्के करायला सांगा.

४. काही फोनांच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ हा भाग असतो. त्यात ‘डब्ल्यूबी’ निवडा. केल्विनचा आकडा मागेपुढे सरकवा. फोटो पिवळट असेल, तर आकडा कमी करा. निळसर असेल, तर वाढवा. कागद पांढरा दिसला की थांबा.

५. आता पानाचा फोटो काढा.

६. ऊन गेले, ढग आले, जागा बदलली, तर पुन्हा कागद दाखवा. जुने माप नव्या उजेडाला चालत नाही.

फोनमध्ये अशी सोय नसली तर? पानाशेजारी कागद ठेवून दोन्ही एकाच फोटोत घ्या. कागद पिवळा दिसला, तर पाहणाऱ्याला समजते की पानाचा पिवळेपणाही पुरता खरा नाही. दिवसा, उघड्यावर, सावलीत फोटो काढणे सर्वांत बरे. खिडकीचा उजेड आणि दिवा, असे दोन उजेड एकत्र नकोत.

करून पाहा

एकच वांगे आणि एकच कागद घ्या. दिव्याखाली, उन्हात आणि सावलीत एकेक फोटो काढा. तिन्ही फोटो शेजारी ठेवून कागदाचा रंग पाहा.

प्रश्न

१. सावलीतला उजेड निळसर का असतो?

२. नीळ दिलेले धोतर का चालत नाही?

३. फोटो पिवळट आला, तर आकडा कमी करावा की वाढवावा?

४. मामांनी फोटो तसाच पाठवला असता, तर काय झाले असते?