पेट्रोलला बहरागोडा, डिझेलला खरगपूर

कोलकात्यात पेट्रोलचा भाव विचारला की माणसं शहराचा एकच आकडा सांगतात, आणि ते बरोबरच आहे. गरियाहाट घ्या, श्यामबाजार घ्या, नाहीतर थेट बेहाला. सरकारी कंपन्यांच्या पंपांमधला फरक पैशांत मोजायचा असतो. तरी मोबाइलवर भाव बघत स्वस्त पंप शोधणारे असतातच. वीस पैशांसाठी उल्टाडांग्याच्या सिग्नलला दहा मिनिटं गाडी चालू ठेवून उभं राहायचं, याला चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला म्हणतात.

बऊबाजारातले एक गलाईवाले या बाबतीत जाणकार मानले जातात. बडाबाजार-बऊबाजार भागात सोन्याचांदीच्या गलाईच्या भट्ट्या चालवणारी मराठी माणसं प्रामुख्यानं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची. पूर्वी गावच्या जत्रेला जायचं म्हणजे हावड्याहून रेल्वे, दुसरं काही नाही. आता घरात मोठी गाडी आली, सोबत म्हातारी माणसं आणि पोरंबाळं असतात, म्हणून काही जण रस्त्यानंच निघतात. खरगपूर, संबलपूर, रायपूर, नागपूर करत विट्यापर्यंत अठराशे-दोन हजार किलोमीटर. एवढ्या वाटेवर सव्वाशे लिटरच्या आसपास इंधन जातं, त्यामुळे भाव बघणं ही हौस राहत नाही. या गलाईवाल्यांना गल्लीत सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या डायरीत पंपांची नावं नाहीत, राज्यांची आहेत.

डायरीला निमित्त झालं पुतण्याचं. त्याचा एक मित्र इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. किराणा आणायला जातो त्याच सुपरमार्केटच्या आवारात पेट्रोल भरतो आणि ते बाकीच्या पंपांपेक्षा स्वस्त मिळतं, असं त्यानं सांगितलं. पुतण्यानं लगेच विचारलं, "अण्णा, आपल्या हितं असं कुठं मिळंल?"

अण्णांचं उत्तर एका वाक्याचं होतं. "तिथं दुकानदार भाव ठरवतो, हितं कंपनी ठरवती."

मुद्दा त्यांनी नेमका पकडला होता. ब्रिटनमध्ये टेस्को, ॲस्डा, सेन्सबरीज, मॉरिसन्स ही सुपरमार्केटं गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून इंधन कमी नफ्यावर विकत आली. तिथं दोन पंपांमध्ये लिटरमागे चांगला फरक सापडू शकतो, म्हणून तुलना करून भरण्यात अर्थ आहे. अर्थात तिथंही सगळं आलबेल नाही. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणानं जुलै 2023 मध्ये दाखवून दिलं, की 2019 ते 2022 या काळात सुपरमार्केटांचा इंधनावरचा नफा लिटरमागे सरासरी सहा पेन्सांनी वाढला होता. स्वस्ताईची ख्याती तशीच राहिली आणि नफा मात्र हळूच फुगला. ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यानं यावर 2001 पासून वेगळा तोडगा काढला आहे. पंपांनी उद्याचा भाव आज दुपारीच जाहीर करायचा आणि सकाळी सहापासून चोवीस तास तो बदलायचा नाही.

आपल्याकडे पेट्रोलचे भाव जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले. 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी सहाला भाव बदलण्याची पद्धत आली. पण ही मोकळीक कंपन्यांना मिळाली, पंपवाल्याला नाही. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम यांच्या पंपचालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं; भाव वरून येतो. एकाच शहरात जे पैशांचे फरक दिसतात ते मुख्यतः डेपोपासून पंपापर्यंतच्या वाहतुकीचे. कोलकात्याला इंधन येतं ते बजबज आणि हावड्याकडच्या मौरीग्रामच्या डेपोंतून, त्यामुळे शहराच्या दोन टोकांना दोन आकडे दिसले तर त्यात लबाडी नसते.

वाहतुकीचं हे गणित बदललं की काय होतं ते ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस दिसलं. कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूक खर्चाची फेररचना केली आणि पंपचालकांचं कमिशनही वाढवलं. ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यातल्या आडवळणाच्या गावांत पेट्रोल चार रुपयांहून जास्त उतरलं. कोलकात्यात मात्र ते 103.94 वरून 104.95 रुपयांवर गेलं.

सुपरमार्केटांना इंधन विकायला भारतात मनाई नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये केंद्रानं नियम सैल केले. तोपर्यंत इंधनविक्रीचा परवाना हवा तर तेलक्षेत्रात दोन हजार कोटींची गुंतवणूक लागायची. आता अडीचशे कोटींची नक्त मालमत्ता असलेली कुठलीही कंपनी अर्ज करू शकते. त्या वेळी 'आता मॉलमध्ये पेट्रोल' अशी चर्चा झाली. पण किमान शंभर पंप उभारायचे आणि त्यातले काही दुर्गम भागात, ही अट किराणा विकणाऱ्याला सोपी नाही. शिवाय सरकारी कंपन्या भाव धरून ठेवतात तेव्हा खासगी पंपांची पंचाईत होते. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत सरकारी पंपांवर डिझेल 94.27 रुपये होतं आणि शेलच्या पंपावर 130 च्या घरात. उलट त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नायरानं काही राज्यांत लिटरमागे एक रुपया सूट दिली होती. म्हणजे शहरात भाव बघायचाच असेल तर सरकारी आणि खासगी यांच्यामध्ये बघावा. दोन सरकारी पंपांची तुलना करण्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही.

खरा फरक पडतो तो राज्याची हद्द ओलांडली की, कारण पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे आणि प्रत्येक राज्य आपापला कर लावतं. महाराष्ट्राच्या वाचकाला हे नवं नाही. कागलचा माणूस कोगनोळीला जाऊन टाकी भरतो. 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा लिटरमागे अकरा रुपयांचा फरक पडला होता आणि सिंधुदुर्गातल्या गाड्यांना पत्रादेवीची वाट आपोआप सापडली.

कोलकात्याहून पश्चिमेकडे निघालेल्याला मात्र एक गुंता लक्षात ठेवावा लागतो. पश्चिम बंगालमध्ये पेट्रोलवर 25 टक्के आणि डिझेलवर 17 टक्के विक्रीकर आहे, आणि त्या करावर आणखी 20 टक्के अधिभार. शेजारच्या झारखंडात दोन्हींवर 22 टक्के आणि लिटरमागे एक रुपया उपकर. त्यामुळे पेट्रोल झारखंडात स्वस्त आणि डिझेल बंगालमध्ये. मार्च 2024 मधल्या दोन रुपयांच्या कपातीनंतरचे आकडे बघा: कोलकात्यात पेट्रोल 103.94, डिझेल 90.76, रांचीत पेट्रोल 97.81, डिझेल 92.56. भुवनेश्वरला पेट्रोल 101.06, डिझेल 92.64. रायपुरात पेट्रोल शंभराच्या आसपास, डिझेल 93 च्या पुढे. नागपुरात दोन्ही पुन्हा कोलकात्याच्या आगेमागे. आकडे बदलत राहतात, पण करांची ही उतरंड सहसा बदलत नाही. झारखंडातले पंपचालक डिझेलवरचा कर 17 टक्क्यांवर आणा म्हणून डिसेंबर 2021 मध्ये एक दिवस बंद ठेवून बसले होते, ते याचमुळे. ट्रकवाले त्यांच्या पंपांवर थांबतच नव्हते.

नकाशात आणखी एक गंमत आहे. खरगपूरच्या पुढे महामार्ग ओडिशात शिरण्याआधी झारखंडाचा एक कोपरा कापतो. तिथं बहरागोडा लागतं, कोलकात्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. अण्णांच्या डायरीत या गावाखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. पेट्रोलची गाडी असेल तर कोलकात्यातून बहरागोड्यापुरतंच भरून निघायचं आणि तिथं टाकी काठोकाठ करायची. चाळीस लिटरमागे दोन-अडीचशे रुपये वाचतात. डिझेलची गाडी असेल तर खरगपूरलाच टाकी भरून घ्यायची आणि बहरागोड्याला फक्त चहा.

हे सगळं वाचवलेलं एका मिनिटात घालवायला नळीजवळची एक हातचलाखी पुरते. अण्णा हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. महामार्गावरचा कुठलासा पंप, रात्रीची वेळ, मागे गाड्यांची रांग. त्यांनी दोन हजारांचं भरायला सांगितलं. पोऱ्यानं शून्य दाखवलं, नळी लावली आणि पाचशेला थांबवली. "पाच सौ बोला था ना?" नाही म्हणताच "सॉरी, सॉरी" करत त्यानं लगेच नळी पुन्हा चालू केली. तेवढ्यात दुसरा पोऱ्या काच पुसायला पुढं आला आणि कार्ड की रोख, ते विचारू लागला. अण्णांची नजर हलली. मीटर पंधराशेला थांबलं होतं. आधीचे पाचशे धरून दोन हजार झाले, असं सांगितलं गेलं. खरं तर आकडा मधे शून्यावर आणलाच नव्हता, पाचशेवरूनच पुढं सरकला होता. टाकीत पंधराशेचंच गेलं आणि पैसे दोन हजारांचे. "सहा रुपयं वाचवाय गेलो आन् पाचशे घालवून आलो," असं ते म्हणतात आणि पुढच्याला शिकवतात: गाडीतून उतरायचं, नळी टाकीतून बाहेर निघेपर्यंत मीटरवरची नजर काढायची नाही, मधे थांबवलं तर पावती तिथंच फाडायला लावायची आणि उरलेलं शून्यापासून नव्यानं.

यंत्रातच खोट असेल तर नजर उपयोगाची नाही. 2017 मध्ये लखनौला एसटीएफनं पंपांवर छापे घातले आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत तपासणी केली, तेव्हा माप कमी देणाऱ्या चिप यंत्रांच्या पोटातून निघाल्या. अशा शंकेसाठी प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. निमुळत्या गळ्याचं, खुणा कोरलेलं धातूचं भांडं असतं ते. भरल्यावर फेस बसू द्यायचा, मग डोळा खुणेच्या पातळीत आणून बघायचं. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रारवही मागायची. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागावा: पेट्रोलचा थेंब दोन मिनिटांत उडून जायला हवा, डाग राहिला तर काहीतरी मिसळलंय. हे मागायला लोक लाजतात. मागितलं की पंपावरच्या माणसाचा सूर लगेच बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दुसरी गळती महागड्या पेट्रोलची. एक्सपी 95, स्पीड, पॉवर या नावांनी मिळणारं इंधन साध्यापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी महाग असतं आणि पुष्कळदा न विचारताच त्याची नळी लावली जाते. गाडीच्या पुस्तिकेत साधं पेट्रोल चालेल असं लिहिलं असेल तर ‘नॉर्मल’ हा शब्द आधी उच्चारावा. सुपरमार्केटच्या कूपनासारखी सूट आपल्याकडे मिळते ती तेलकंपन्या आणि बँकांच्या जोडकार्डांवर. पण इंधनावर कार्डाला एक टक्का अधिभार लागतो आणि तो माफ होण्यासाठी बहुतेक बँकांची किमान-कमाल रक्कम ठरलेली असते, साधारण चारशे ते चार-पाच हजारांमध्ये. दोनशेचं भरून कार्ड घासणाऱ्याला सूट मिळत नाही आणि अधिभार मात्र लागतो.

निघण्याआधी वाटेवरचा भाव कळावा म्हणून पंपावर लिहिलेला डीलर कोड उपयोगी पडतो. इंडियन ऑइलसाठी आरएसपी ही रोमन अक्षरं, मोकळी जागा आणि तो कोड लिहून 9224992249 वर एसएमएस पाठवला की त्या पंपाचा त्या दिवसाचा भाव येतो. बहरागोड्याच्या एका पंपाचा कोड अण्णांनी पुतण्याच्या मोबाइलमध्ये कायमचा ठेवून दिला आहे.

परतीच्या वाटेला हिशेब उलटा. पेट्रोलवाल्यानं बहरागोड्याला टाकी भरूनच बंगालमध्ये शिरावं. डिझेलवाल्यानं महाराष्ट्र सोडण्याआधी देवरीच्या अलीकडे भरून घ्यावं; तिथून खरगपूर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, साठ लिटरच्या टाकीला जेमतेम पुरणारं. पुरेल असं वाटलं तरी काटा लाल रेषेला टेकायच्या आत ओडिशात दहा लिटर टाकून घ्यावं. डिझेलची टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, ती काढायला मिस्त्री लागतो, आणि केओंझरच्या जंगलात रात्री मिस्त्री जो मागेल तो भाव.