मुलांनी केलेलं सर्वेक्षण आणि त्यावरचं नाव

तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

वर्ध्यातल्या आमच्या बी.ए.च्या वर्गात आर्वी, देवळी, हिंगणघाटकडची मुलं. दुर्खीम-वेबर परीक्षेपुरते पाठ. म्हणून मी त्यांना त्यांच्याच गावांत मजुरीचं सर्वेक्षण करायला लावलं. निंदणाला रोज मिळतो, वेचणीचे पैसे किलोवर, बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी, हे सगळं त्यांनी दारोदार विचारून लिहून आणलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, माही माय घरच्याच वावरात राबते. तिचा रोज कोणत्या रकान्यात लिहू?" आम्ही तक्त्याला शेवटी एक नवा रकाना जोडला. समाजशास्त्र त्या दिवशी वर्गात आलं, असं मी आजही म्हणेन.

पुढे एका चर्चासत्रात आमचे विभागप्रमुख शोधनिबंध वाचायला उभे राहिले. पडद्यावर तक्ता आला. तीच गावं, तेच आकडे, शेवटी तोच रकाना. खाली नाव एकट्या सरांचं. माझ्या वर्गातल्या मुली मागच्या रांगेत होत्या. आईच्या रोजाचं विचारणारी ती मुलगी माझ्याकडे वळून बघत राहिली. सर मात्र आईच्या न मोजलेल्या श्रमावर बोलत होते, आणि ज्यांनी ते श्रम मोजले त्यांचा उल्लेखही नव्हता. नंतर विचारलं तर म्हणाले, "तासिकेवाल्यांची नावं टाकत नसतात मॅडम, काम विभागाचं असते." आवाज अगदी शांत. तो शांतपणा मला अजून झोंबतो.

तक्रार करा, असं सगळे सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविरुद्धचे २०१८चे नियम आहेत. पण त्यातल्या विभागीय समितीचा अध्यक्ष विभागप्रमुखच असतो. मग आधी कोणाकडे जायचं? आणि पुढच्या वर्षीच्या तासिका कोणाच्या हातात असतात, हेही ठाऊकच आहे.

म्हणून सांगते. सर्वेक्षणाआधी मुलांच्या नावांची यादी जोडून लेखी परवानगी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रत्येक प्रश्नावलीवर विचारणाऱ्या मुलाची सही आणि तारीख असू द्या. उत्तर देणाऱ्याचं नाव मात्र लिहू नका, गाव लहान असतं. तक्ता कोणालाही 'बघायला' म्हणून मोबाइलवर पाठवू नका. मी सरांना पाठवला होता तो विश्वासानं, आणि विश्वास मोडणारे ते होते. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एम. एन. श्रीनिवासांच्या रामपुरा गावावरच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० साली लागलेल्या आगीत एकाच जागी जळाल्या. त्या गावावरचं १९७६चं पुस्तक त्यांना मुख्यतः आठवणीवर लिहावं लागलं. आपल्या मुलांवर ती वेळ का यावी? बाकी संयम ठेवा, वरिष्ठांशी गोड बोला वगैरे सगळे सांगतातच.

मुलांना गावात पाठवणं मात्र थांबवू नका. १९३७ साली कामातून शिकण्याचा विचार याच वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला, आणि इथल्याच मुलांनी नोट्स उतरवत बसावं हे मला मान्य नाही. यंदाच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर सगळ्या मुलांची नावं छापली आहेत. सरांच्या त्या जुन्या निबंधात सर्वेक्षण करणाऱ्या मुलांची नावं घालावीत, हा माझा अर्ज अजून कार्यालयात पडून आहे आणि मी तो मागे घेणार नाही.