दगडाची माती कशी होते?

सभासद बंधूंनो,

आपल्यापैकी अनेकांचे पाव्हणे लालबाग-परळला आहेत. त्यांच्याकडे गेलात तर मुंबईची जुनी दगडी बांधकामे जवळून पाहा. दगडाची माती कशी होते ते तिथे समजते.

मुंबईचा काळा दगड आणि आपल्या शिवारातला काळा पाषाण एकाच जातीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. उन्हाने तापून, पावसाने निवून त्याला चिरा पडतात. गिरगावात जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळ उगवलेला दिसतो. त्याची मुळी फट रुंदावते. पावसाच्या पाण्यात कर्बवायू विरघळून सौम्य आम्ल होते. ते दगड कुजवते. त्याचा आधी मुरूम, मग काळी माती होते. बोटभर थराला शेकडो वर्षे लागतात.

तिसरे कारण मीठ. फोर्टातील जुन्या इमारतींना लावलेला पोरबंदरी दगड सच्छिद्र असतो. खारी हवा त्यात मुरते, पाणी उडते, मिठाचे खडे वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

आता आपले रान पाहा. निचरा नसता उसाला पाणी तुंबवले की तेच पाणी क्षार वर आणते आणि उडून जाते. जमिनीवर पांढरे फुटते, मुळीला पाणी ओढवत नाही. पूर्वी आम्हीही 'भरपूर पाणी द्या' म्हणत होतो. ती आमची चूक होती. शेकडो वर्षांची माती चार-सहा हंगामांत नापीक होते.

तेव्हा चर काढा, पाणी बेताने द्या, ताग गाडा आणि लागणीपूर्वी माती तपासून घ्या.